आत्याच्या पायातल्या टाचण्या

पुण्यातला अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ बंद पडला आणि मी तीन बॅगा घेऊन वडीगोद्रीला परत आले. घरात आई, वडील आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या सत्तरीच्या पुढची. तिचा आवाज हायवेच्या पलीकडं जातो आणि शेळीपासून सरपंचापर्यंत सगळ्यांशी ती एकाच भाषेत बोलते. महिनाभर तिच्यासमोर रिकामी बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की अशी नायिका मला पुण्यात शोधून सापडली नसती.

मी आत्याची वीतभर बाहुली करायचं ठरवलं. गोष्ट साधीच होती. शेळी दोडक्याच्या वेलाला तोंड लावते आणि म्हातारी तिला हाकलते, एवढीच. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो लागतात. ते भराभर दाखवले की बाहुली चालायला लागते. आत्याला विचारायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, मी टाळलं.

सांगाड्यासाठी तार हवी होती, म्हणून अंबडला मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेले.

"किती एचपीची मोटार हाय?" दुकानदारानं विचारलं.

"मोटार न्हाई, बाई करायचीय. हातपाय वाकले पाहिजेत, पण तुटले न्हाई पाहिजेत."

त्यानं मान वर करून मला नीट पाहिलं. "गॅरंटी न्हाई मिळणार," म्हणाला आणि अ‍ॅल्युमिनियमची तार कापून दिली.

तीन तारा एकत्र पिळून सांगाडा केला. हाडांच्या जागी पाइप जोडायची पुट्टी थापली, कोपरं-गुडघे मोकळे ठेवले. अंगाला जुन्या गादीतला फोम लावला. डोकं पुट्टीचंच. नाक तीनदा करावं लागलं, कारण खऱ्या आत्याच्या मापाचं नाक बसवलं की बाहुली तोंडावर पडायची. आत्याच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा घेतला आणि वीतभर बाईला कासोटा घालून नऊवारी नेसवण्यात माझे दोन दिवस गेले. लोकरीचे केस फार खोटे दिसत होते. केसांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी आत्या विंचरताना निघालेला गुंतवळ देवळीत साठवून ठेवते. त्यातला थोडा उचलला. बाहुली एका पायावर उभी राहावी म्हणून तिच्या पावलांतून खालच्या थर्माकोलमध्ये टाचण्या ठोकल्या. जगभर बाहुल्या अशाच काहीतरी करून उभ्या करतात. पण हे वडीगोद्रीला कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी शेजारची काकू विरजण मागायला आली आणि सरळ माझ्या खोलीत शिरली. बाहुली पाहून ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती विरजण न घेताच परत गेली. अर्ध्या तासात अंगणात सात बायका जमल्या.

"केस तिचे, लुगडं तिचं, अन् पायात टाचण्या!" काकू आईला सांगत होती. "अन् अक्का दोन दिस झालं लंगडून राह्यल्या. आणखी काय पाहिजे?"

एकीनं अंगारा सुचवला. दुसरी म्हणाली, बाहुली विहिरीत टाका. वडील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पुण्यात हेच शिकवत व्हते का?"

एरवी मी हसले असते. पण आत्या खरंच लंगडत होती आणि मी बाहुलीच्या नादात तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्याची मला लाज वाटली. आता तिनं बायकांचं ऐकलं, तर बाहुली विहिरीतच जाणार होती.

तेवढ्यात आत्या शेळ्या बांधून आली. तिनं थर्माकोलवरनं बाहुली उपटली आणि हात लांब करून पाहिली.

"ही मी हाय?"

"हो."

"पाय कुणाचे लावले, शेळीचे?"

"जाड तार मिळाली न्हाई, आत्या."

"अन् छाती कुठं गेली माझी? पार फळकूट करून टाकलंय."

"अक्का, करणी हाय ती!" काकू कळवळून म्हणाली.

"करणीला अक्कल लागती. हिला चहा जमत न्हाई." आत्यानं पायरीवर बसून तळपाय वर केला. "बाभळीचा काटा मोडलाय, बये. बघा सगळ्याजणी."

बाहुलीच्या निऱ्या बसवायचा चिमटा मी आणला आणि काटा काढला. चांगला पेरभर होता. काढताना आत्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातल्या सहा तिच्याही होत्या. बायका जरा हिरमुसल्याच.

मग मी लॅपटॉपवर तयार झालेले चार सेकंद दाखवले. बाहुली चालली तशा सगळ्या पुढं सरकल्या. आत्यानं पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं.

"मी अशी चालत न्हाई. ही तर सासरी निघालेली नवरी हाय."

आणि दुखऱ्या पायानं ती फाटकापासून नळापर्यंत चालून दाखवायला लागली. एक हात कमरेवर, मान पुढं, टाच आधी. रस्त्यानंच बाजूला व्हावं अशी ती चालते आणि इतक्या वर्षांत मी ते पाहिलंच नव्हतं. "काढ फोटू," ती म्हणाली. मी ते चार सेकंद पुसून टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. फोमचे दोन गोळेही वाढवले. ते तिनं दाबून पाहून पास केले.

फिल्म झाली तेव्हा संभाजीनगरच्या एका कॉलेजात ती दाखवली. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. बाहुली शेळीमागं धावली तशी पोरं हसली. आत्या मागं वळून ओरडली, "हसता काय? वेल गेला असता म्हंजे?" त्यावर हॉल आणखी हसला.

परतीच्या एसटीत तिनं भाकरीचं फडकं सोडलं आणि विचारलं, "मला जेवताना का न्हाई दाखवलं?"

"एका मिनिटात काय काय बसवू, आत्या?"

"मंग दोन मिनिटांची करायची," ती म्हणाली आणि मिरचीचा ठेचा माझ्या भाकरीवर घातला.