टीका करून घ्यावी

आमच्या थोरल्या साडूंइतका नियमांवर जीव असलेला माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा सापडायचा नाही. एका कापडमिलच्या लेबर ऑफिसात ते बाबू होते, पण घरीही त्यांची कलमं-पोटकलमं चालूच असत. पोह्यांवर शेव कोणी आणि केव्हा घालायची याचाही नियम होता. पाहुण्याने घाई केली तर स्वतःचं खाणं थांबवून ते पोटकलम समजावत. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत एकदा धक्काबुक्की पाहून त्यांनी हलवायालाच रांगेचे नियम लिहून दिले. "बाबूजी, आप तो जलेबी खाओ," तो म्हणाला. साडूंनी कागद त्याच्या दुकानातल्या खिळ्याला अडकवला आणि मगच जिलबीला हात लावला.

दिवस मात्र हसण्याचे नव्हते. बाजारात स्वस्त कापड आलं होतं, शहरातल्या मिली एकेक करून बंद पडत होत्या आणि साडूंची मिल एका पाळीवर रडतखडत चालली होती. त्यात मिलच्या चाळीत टायफॉइडने माणसं गेली. पुण्याहून आलेल्या नव्या मॅनेजरांनी साडूंना फर्मावलं, कामगारांच्या लसीचा आणि तपासणीचा लेखी नियम करा, मसुदा मराठीत द्या. साडूंच्या अंगातच आलं! कार्डिंग खात्यात कापसाची धूळ दिवसभर छातीत जायची, म्हणून तिथल्या लोकांचा एक्स-रे मिलच्या खर्चाने काढावा, असं कलम त्यांनी आपणहून घातलं. खरं तर ते रामरतनसाठी होतं. त्या खात्यातला हा जुना कामगार भिंत धरून खोकायचा आणि रोज खिडकीशी येऊन विचारायचा, "बाबूजी, छाती का फोटू कब निकलेगा?"

"बस, साहब की साइन होने दे भिया," साडू म्हणत.

घात केला तो एका शब्दाने. आम्ही इंदूरचे मराठी लोक लसीला सर्रास हिंदीतला टीकाच म्हणतो. साडूंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रत्येक कामगाराने दरवर्षी टीका करून घ्यावी. ज्याची टीका झाली नसेल त्यास फाटकाच्या आत घेऊ नये. टीकेच्या दिवशी भरपगारी रजा मिळेल.' मॅनेजर लालबुंद झाले. "युनियनने लिहून घेतलं का हे? आमच्यावर टीका करायला भरपगारी रजा?"

"साहेब, टीका म्हणजे ती सुईवाली," साडू काकुळतीने सांगत राहिले. साहेबांना ते कळलंही असावं, पण एवढं ओरडून झाल्यावर माघार कशी घेणार? त्यांनी लेखी खुलासा मागितला, तो मुंबईच्या हेड ऑफिसला गेला, आणि तिकडून उत्तर येण्याआधीच मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. तोवर हा किस्सा सांगून सांगून आम्ही नातेवाईक पोट धरून हसत होतो.

शेवटी साडूंनीच रामरतनला सरकारी दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होतो. एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "इतने दिन क्या कर रहे थे?" रामरतनच साडूंची समजूत घालू लागला, "जाने दो बाबूजी, आपने लिखा तो था."

बिचारा होळीच्या आत गेला. साडू अजून बोलता बोलता मध्येच अडतात आणि हळूच मला विचारतात, "हा शब्द मराठीच आहे ना हो?" मला त्यांची फार माया येते. मी हो म्हणतो. नसला तरी हो म्हणतो.