इंगोलेसाहेबांचं फक्कीचं घर

इंगोलेसाहेब साइटवर आले की आधी भांडण लावून देत. माणूस कळलाव्या होता असं मुळीच नाही. भांडण लावणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. स्कूटरवर पायांशी फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची पिशवी ठेवलेली असे. मोकळ्या प्लॉटवर ते अख्खं घर फक्कीने आखत. खोल्या, दारं, न्हाणी, चुलीचा ओटा, सगळं. मग घरमालक आणि ठेकेदार अशा दोघांना त्यात उभं करून म्हणत, "हं, करा सुरू. भांडन पायवा खंदाच्या आंधी करा. स्लॅबवर चढून भांडले तं दोघंबी खाली पडसान."

वाशीमच्या आमच्या छोट्याशा कार्यालयात ते सगळ्यांत जुने अभियंते आणि मी सगळ्यांत नवी. त्यांचं भांडण मी पहिल्यांदा पाहिलं ते अनसिंगला, एका शिक्षकाच्या प्लॉटवर. या भांडणाला नियम होता. मालकाने ठेकेदाराच्या तोंडाने बोलायचं आणि ठेकेदाराने मालकाच्या. ठेकेदार छाती काढून उभा राहिला. "मी मास्तर. मले कपाटं पाह्यजे, वट्टा पाह्यजे, अन् दिवाळीच्या आंधी पाह्यजे."

"मी कपाटं कधी म्हनलं?" मास्तर खेकसले.

मास्तरांच्या पत्नी फक्कीच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मंग भांडे कुठं ठेवू मी, डोक्यावर?"

साहेबांचा चेहरा असा फुलला, जणू त्यांचीच वरात निघाली होती. "मॅडम, लिहा. कपाटं!" भांडणातून जे निघे ते करारात जाई आणि त्याखाली दोघांच्या सह्या होत. 'हे कुठे ठरलं होतं?' या एका प्रश्नापायी लोक कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आमच्या कामांवर तो प्रश्न पायव्याच्या खड्ड्यातच गाडला जाई.

साहेब मोकळ्या रानातही हेल्मेट घालत. डोक्यावर नक्की काय पडणार होतं, ते त्यांनाच ठाऊक. पँट गुडघ्यापर्यंत पांढरी असायची, आणि त्यावरून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांना रोज बोलत. जिल्हाभर भांडणं लावणारा हा माणूस स्वतः मात्र इतका भिडस्त, की भाजीवालीने आवाज चढवला तर भाजी न घेताच पुढे सरकायचा.

मग साहेबांनी रिठदला स्वतःचं घर बांधायला काढलं. काम दिलं सत्तारभाईंना. सत्तारभाई ठेकेदार, आणि साहेबांचे तरुणपणापासूनचे दोस्त. संध्याकाळचा चहा दोघांनी एकमेकांशिवाय घेतलेला कोणी पाहिला नव्हता. मी विचारलं, "साहेब, करार?"

"सत्तारसंग करार? मॅडम, तुमीबी काहीबी बोलता!"

सत्तारभाईंनी तर कानाला हात लावले. "इंगोलेसाब से लिखवाके लूँ? तौबा!"

फक्की पडली ती खणण्यापुरती. त्या घरात कोणी उभं राहिलं नाही, कोणी भांडलं नाही. स्लॅबच्या सुमाराला साहेब डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेले. परत येऊन नव्या डोळ्याने पाहतात तो जिना घराबाहेर!

"जिना आत ठरला होता!"

"कब ठरला होता?"

"इतके वर्सं झाले, तुले मायं मन समजलं नाही?"

"मन का नक्शा किधर पास हुआ था, साब?"

बोलणं बंद झालं, काम बंद झालं. चहाच्या टपरीवर दोघे वेगवेगळ्या वेळी येऊ लागले, आणि टपरीवाला रोज एकाला दुसऱ्याचं विचारून बोलणी खाऊ लागला. घर कधीतरी झालंच असतं. दोस्ती राहते की नाही, याचीच आम्हाला धास्ती होती. एकदा केनवडच्या साइटवर साहेबांनी फक्की टाकली आणि कोणाला भांडायला न लावताच ते स्कूटरकडे निघाले. तेव्हा मला खरंच भीती वाटली.

शेवटी काकूंनी पदर खोचला. मला आणि सत्तारभाईंना निरोप धाडून रिठदला बोलावलं. अर्धवट जिन्यापाशी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि मधोमध फक्कीची रेघ ओढली. "आता भांडा. एकमेकाच्या तोंडानं."

सत्तारभाईंनी चष्मा साहेबांसारखा नाकाच्या शेंड्यावर आणला. "मी इंगोलेसाहेब. साऱ्या जिल्ह्याले भांडाले लावतो, अन् मायं सोताचं घर मनातल्या मनात बांधतो."

काकूंनी तोंडाला पदर लावला. साहेबांची पाळी आली. "मी सत्तार ठेकेदार. म्या जिना बाहेर काढला, काहून का..."

तिथेच ते अडले. कारण त्यांना माहीतच नव्हतं. इतके दिवस रागावले, पण विचारलं नव्हतं. मग आपल्या खऱ्या आवाजात हळूच म्हणाले, "काहून रे?"

सत्तारभाई खाली पाहत राहिले. "तू संध्याकाळचा गच्चीवर बसनार. उद्या पोराचं लगन होईन, सून येईन. रोज तिच्या घरातून चढून येवाले मले लाज वाटन. येनं सुटून जाईन मायं. म्हनून बाहेर काढला."

साहेबांनी नवा डोळा पुसला. "फक्की गेली," म्हणाले. वारा तर अजिबात नव्हता.

काकूंनी मला तिथेच लिहायला बसवलं. जिना बाहेरच राहील आणि त्याला खाली दार लागणार नाही. दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून काकूंनी केली.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. मला त्यांची आठवण येत नाही अशी एकही साइट नाही. फक्कीची पिशवी आता माझ्या गाडीत असते, आणि माझेही कपडे पांढरे होतात.

परवा त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. आई एकटी असते, जिना उघडा आहे, खाली लोखंडी दार बसवून द्या म्हणाला. त्याची काळजी रास्तच होती. मी टेप घेऊन संध्याकाळी रिठदला गेले. काकू ओट्यावर तुरीची डाळ निवडत होत्या.

"दार नाही लागनार, बाई. ठरलं हाये ते."

"पण काकू, आता साहेब तर..."

"सही करनारा एक अजून हाये ना."

वर गच्चीवरून सत्तारभाईंच्या खोकण्याचा आवाज आला. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी टेप गुंडाळला.