छप्पर नसलेली कोठी

कोठीअण्णांना एखादी वस्तू विचारली की ते आधी डोळे मिटत. थोडा वेळ तसेच उभे राहत, ओठ किंचित हलत, आणि मग डोळे उघडून सांगत, ‘‘रामनगरात न्हाई. जोयड्याच्या सॉ मिलमधी हाय, खिडकीखालच्या फळीवर, डाव्या अंगाला. परसूला सांगा, अण्णानं मागितलंय म्हणून.’’ माणूस जोयड्याला जाई आणि वस्तू खिडकीखालच्या फळीवर, डाव्या अंगालाच असे. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं मला कमीपणाचं वाटे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांची तीनदा परीक्षा घेतली आणि तिन्ही वेळा तोंडावर आपटले.

नव्वदीची मधली वर्षं होती. बेळगावच्या एका कंपनीचा रामनगरला प्लायवूडचा कारखाना होता, जोयड्याला सॉ मिल, कुळगीच्या वाटेवर लाकडाचा डेपो आणि अणशी घाटाच्या अलीकडे ट्रकांचं गॅरेज. चार ठिकाणं, चार कोठ्या आणि चार तऱ्हेची रजिस्टरं. कुठे काय पडलंय ते बेळगावला कळायला पंधरा दिवस लागत. मोठ्या साहेबांनी ठरवलं की खरेदी, कोठी, उत्पादन, गाड्या, सगळं एकाच कॉम्प्युटर प्रणालीत आणायचं. आज या कामाला भारी भारी नावं आहेत; तेव्हा आम्ही नुसतं ‘सिस्टीम’ म्हणायचो. पुण्यात सहा आठवडे शिकून आलेली मी, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि फ्लॉपींचा डबा घेऊन रामनगरच्या मुख्य कोठीत दाखल झाले. अण्णा तिथले कोठीवाले, म्हणजे कागदोपत्री स्टोअरकीपर. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते कुणाच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही.

त्यांनी मला ‘मॅडम’ म्हटलं नाही, ‘बाई’ही म्हटलं नाही. आपल्याकडे लेकीला म्हणतात तसं सरळ ‘बाय’ म्हटलं, आणि वर ‘तुमी’. स्वतःचं टेबल त्यांनी दाराशी, पावसाची झड येते तिथे सरकवलं आणि आतली कोरडी जागा माझ्या कॉम्प्युटरला दिली. खालून ओल येऊ नये म्हणून सागवानी फळी घातली. मग समोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, ‘‘आता सांगा बगू, ह्या पेटीला काय काय कळतंय?’’ मी अर्धा तास सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, ‘‘आन् उसनं कळतंय काय?’’

मी हसले. मला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

गंमत नव्हती. त्या चारही कोठ्या उसनवारीवर चालत होत्या. कुळगीची मोटर जळाली की जोयड्याची जायची, जोयड्याला पट्टा लागला की गॅरेजातून यायचा. चिठ्ठी नाही, सही नाही. बसच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचा, उलट फेरीच्या ट्रकात वस्तू यायची. काम झालं की परत जायची, नाहीतर तिथूनच तिसऱ्याला जायची. हा सगळा फिरता संसार फक्त अण्णांच्या डोक्यात होता. जंगलातल्या रस्त्यांवर पावसाळ्यात आठ-आठ दिवस गाड्या अडकतात. तिथे बेळगावच्या मंजुरीची वाट बघत बसलं असतं तर कारखाना केव्हाच बंद पडला असता.

सिस्टीमचं पहिलं काम म्हणजे प्रत्येक वस्तूला एक नाव आणि एक कोड देणं. त्यासाठी अण्णा आणि मी कंपनीच्या जीपमधून महिनाभर फिरलो. एकच बेअरिंग रामनगरात ‘लंबर तीनचं’, जोयड्यात ‘गरगऱ्याचं’ आणि गॅरेजात ‘मागल्या चाकाचं’ होतं. अण्णा पिशवीतून नमुना काढून प्रत्येकाच्या हातात ठेवत आणि विचारत, ‘‘हेच न्हवं?’’ समोरचा हाताने चाचपून मान डोलावी, मगच मला लिहायची परवानगी. मला घाई असे. ते म्हणत, ‘‘बाय, नाव न्हाई दिलं तर वस्तू एकदा हरवती. दोन दिली तर दोनदा हरवती.’’ पुण्यातल्या सहा आठवड्यांत मला इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

पण उसन्याचं त्यांचं टुमणं काही सुटेना. जीपमध्ये, जेवताना, कुठेही. एकदा मी वैतागून म्हणाले, ‘‘अण्णा, सिस्टीममध्ये उसनं नसतं. माल एकतर इथे असतो, नाहीतर तिथे. मध्ये काही नसतं.’’

ते म्हणाले, ‘‘लेक बाळंतपणाला म्हायेराला आलेली असती. तवा तिला कुठल्या घरची मोजता?’’

मी विषय बदलला. तेव्हा हुशार दिसायचा मला तेवढाच एक उपाय माहीत होता.

मग मोजणीचा रविवार आला. सोमवारपासून सिस्टीम सुरू, त्याआधी चारही कोठ्यांत एकाच दिवशी मोजणी. मी पत्रक काढलं, माझ्या त्या वेळच्या मराठीत अगदी खणखणीत: ‘आपापल्या विभागाचा सर्व माल रविवारी आपापल्या कोठीत हजर असावा. दुसऱ्याचा माल आपल्या कोठीत आढळू नये.’ खाली सही ठोकून दिली. रविवारी संध्याकाळी चारही याद्या माझ्या टेबलावर आल्या आणि मी हरखून गेले. एकही वस्तू कमी नाही, एकही जास्त नाही. इतकी चोख मोजणी पुण्याच्या पुस्तकातसुद्धा नव्हती.

सोमवारी सकाळी कारखाना गप्प होता. डिंक घुसळायच्या यंत्राचा पट्टा गॅरेजचा होता, तो काढून गॅरेजला परत गेला होता. गॅरेजात एक ट्रक लाकडी ओंडक्यांवर बसलेला, कारण त्याच्याखालचा जॅक जोयड्याचा होता. जोयड्याची करवत थांबलेली, कारण तिची मोटर कुळगीची होती. तिथली कोठी बघणाऱ्या परसू मिस्त्रीने ती शनिवारी स्वतः सोडवून, पुसून, तेल घालून कुळगीला पोचवली होती. आणि कुळगीत लाकूड उचलायची चेनपुली रामनगरची, ती माझ्या मागच्याच फळीवर ठेवलेली होती. चौघांनीही आपल्या चालू यंत्रातून दुसऱ्याची वस्तू काढून ज्याची त्याला दिली होती. मी लिहिलं होतं ना तसं! साहेबांचा बेळगावहून फोन आला तो मला अजून ऐकू येतो.

अण्णांवर मी चिडले. ‘‘तुम्हाला कळत होतं तर सांगितलं का नाहीत?’’

‘‘सांगत हुतो की बाय, म्हईनाभर,’’ ते म्हणाले. ‘‘मग तुमी कागदच काढला. कागद आला की आमी त्येच खरं करतो.’’

त्या दुपारी चार निरोपांत त्यांनी चारही वस्तू जागच्या जागी धाडल्या आणि मग चहा पिताना, मी न विचारताच, सुप्याकडच्या त्यांच्या गावाची गोष्ट सांगितली. धरणाचं पाणी येणार म्हणून गाव उठवलं तेव्हा घराघरात जाऊन याद्या झाल्या. लग्नाकार्याचं मोठं तांब्याचं पातेलं तेव्हा अण्णांच्या घरी होतं. यादी करणाऱ्याने विचारलं, हे तुमचं का? वडील म्हणाले, न्हाई, गावाचं. म्हणून ते लिहिलं गेलं नाही. निघायच्या दिवशी ज्याने त्याने आपापलं गाडीत घातलं. पातेल्याला कुणी हात लावला नाही, कारण आपलं म्हणायचा हक्क कुणालाच नव्हता. ‘‘कुनी चोरलं न्हाई, कुनी टाकलं न्हाई,’’ अण्णा म्हणाले. ‘‘गावाचं लिवायला यादीत खानाच न्हवता. पान्यात गेलं.’’ चहा संपला होता तरी मी कप हातात धरून बसले.

एवढं ऐकूनही मी सिस्टीममध्ये काही बदललं नाही, हे सांगायला हवं. साहेब संतापले होते. त्यांनी हुकूम काढला होता की त्या चार वस्तू जिथे आहेत तिथल्याच म्हणून लिहायच्या, यापुढे उसनवारी बंद, पुढच्या मोजणीत ज्याच्या कोठीत घट निघेल तो घरी जाईल. साहेबांपुढे बोलायची माझी छाती नव्हती. दोन महिन्यांनी मोजणी झाली आणि जोयड्यातला दुसरा जॅक कमी निघाला. परसूने तो अणशीच्या गॅरेजला दिला होता. परसूला कामावरून काढायचं पत्र माझ्याच प्रिंटरवर छापलं गेलं. त्याला तीन लेकरं होती, आणि चोरीचा शिक्का घेऊन या मुलखात दुसरीकडे काम मिळत नाही.

अण्णांनी ते पत्र घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि मला म्हणाले, ‘‘उद्या बेळगावला जाऊया.’’

साहेबांच्या खोलीत ते खुर्चीवर बसले नाहीत. ‘‘साहेब, परसूनं चोरलं न्हाई. दिलंय.’’

‘‘कुणाच्या परवानगीनं?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘घाटात ट्रक लोंबकळायलता, आत डायवर हुता. परवानगी बेळगावात हुती.’’

साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘अण्णा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण उद्या खरंच कुणी चोरलं, तर मी ओळखायचं कसं? काहीतरी नोंद हवी की नको?’’

‘‘व्हय, हवी की,’’ अण्णा म्हणाले. ‘‘म्हनून तर आलोय. त्या पेटीत चार कोठ्या हायती. पाचवी घाला, माझ्या नावाची. छप्पर नगं, कुलूप नगं. ज्येनं उसनं दिलं त्येनं त्या कोठीत दिलं म्हनून लिवायचं. त्येची घट न्हाई. हरवलं तर मी हरवलं.’’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘असं करता येतं?’’

येत होतं. प्रोग्रॅममध्ये नवी कोठी उघडायला मला दहा मिनिटं लागली. अण्णा चार महिने जे मागत होते ते दहा मिनिटांचं काम होतं, आणि पुस्तकात नाही म्हणून मी ते नाकारत आले होते. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. परसूचं पत्र साहेबांनी फाडलं, पण एक अट घातली: निवृत्तीच्या दिवशी अण्णांच्या नावाची कोठी कुणीतरी सही करून स्वतःच्या नावावर घेतली पाहिजे. तोवर त्यांची सुटका नाही.

त्यानंतर सिस्टीम खरोखर चालली. कंडक्टर निरोपाबरोबर चिठ्ठीही आणू लागला. मी चिठ्ठी भरायची, अण्णा मागून वाकून बघायचे. कधी त्यांची आठवण आणि पेटीतली नोंद जुळली नाही तर ते खुशीत येत आणि दोघांपैकी कोण चुकलं ते शोधायला निघत. बहुतेक वेळा चूक चिठ्ठीची असे, दोनदा मात्र त्यांची निघाली. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘‘चला, आता जायाला हरकत न्हाई.’’ त्यांना खानापूरला लेकीकडे जायचं होतं. गुडघे गेले होते, जीपमध्ये चढताना हात द्यावा लागे.

दीड वर्षाने निवृत्तीचा दिवस आला. चारही ठिकाणची माणसं कोठीच्या अंगणात जमली होती. हार, नारळ, शाल झालं. मग बेळगावहून आलेल्या अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. त्या दिवशी अण्णांच्या कोठीत नऊ वस्तू होत्या, चार दिशांना पांगलेल्या. ‘‘कुणाच्या नावावर करायच्या?’’ त्यांनी विचारलं, आणि नियम वाचून दाखवला की हरवलं तर जबाबदार तोच, नोकरीसुद्धा जाऊ शकते.

कुणी बोलेना. अण्णा कुणाकडेही बघत नव्हते. बघितलं तर मागितल्यासारखं होईल म्हणून असावं.

मागून परसू उठला. दीड वर्षापूर्वी याच गोष्टीपायी ज्याच्या पोटावर पाय आला होता तो परसू. ‘‘माझ्या नावावर घाला,’’ तो म्हणाला.

अण्णांनी विचारलं, ‘‘समदं ध्यानात ऱ्हाईल न्हवं, बाबा?’’

‘‘न्हाई ऱ्हायलं तर बायच्या पेटीला इचारीन की.’’

अण्णा हसले आणि डोळे पुसत त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. दुपारच्या बसने ते गेले. पुढे खानापुरात ते सहा वर्षं होते. मी दोनदाच भेटायला गेले. ते वारल्याचं मला पुण्यात, नव्या नोकरीत असताना, परसूच्या पत्रातून कळलं. त्यानंतर मी कितीतरी मोठ्या कंपन्यांत असल्या सिस्टीम बसवल्या. पहिल्या दिवशी मी कुठेही आधी हेच विचारते की तुमच्यात एकमेकांना उसनं काय जातं. साहेब लोक गोंधळतात, पण कोठीवर बसणारा माणूस मान वर करून बघतो.

मात्र त्या अंगणातली गोष्ट मी कुणाला सांगत नाही. कोण नाव देतो म्हणून विचारलं तेव्हा त्या कोठीची दीड वर्षाची प्रत्येक नोंद आतल्या माझ्या पेटीत होती. एकही वस्तू हरवलेली नाही हे तिथे पुराव्यानिशी ठाऊक असलेली मी एकटी होते, आणि मी मान खाली घालून बसले. परसूला ती पेटी सुरू करतासुद्धा येत नव्हती. त्याला फक्त अण्णा ठाऊक होते.