हिले काही त्रास नव्हता

छत्तीसगढ हे नवं राज्य झालं तेव्हा माझ्या नवऱ्याची बदली भोपाळहून रायपूरला झाली. तो मंत्रालयात बाबू होता. आधी तो एकटा आला, सहा-सात महिने दोघा-तिघांसोबत खोली करून राहिला. मग तेलीबांध्याला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या आणि मी अमरावतीहून आले. लग्नाला वर्ष झालं होतं. मला सगळं नवीन होतं, पण मी खूश होते.

दुसऱ्या वर्षी ओटीपोटात दुखायला लागलं. पांढरं जायचं, कधी ताप यायचा. सासू तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्या म्हणाल्या, "अंगात उष्णता आहे तुह्या. बाईच्या जातीले असतंच हे." पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायांनी सांगितलेला काढा मी प्यायले. औषधाच्या दुकानातून नवरा गोळ्या आणून द्यायचा. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. दिवस काही राहीनात. सासू माझ्या हातचं पाणी घेतानाही सुस्कारा टाकायच्या. "काहून गं, माहेरी कोणाले असं होतं का?" असं त्यांनी मला पाहुण्यांसमोर विचारलं होतं.

तीन वर्षं अशीच गेली. शेवटी मीच हट्ट धरून एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या नागपूरला शिकलेल्या, मराठी बोलायच्या. त्यांनी तपासलं, औषध घालून गर्भनळ्यांचा फोटो काढायला लावला. फोटो आला तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. त्यांच्याशिवाय मी बोलणार नाही."

नवरा कुरकुरत आला. बाईंनी त्याला सरळच विचारलं, "तुम्हाला कधी लघवीला जळजळ, पू असं काही झालं होतं का?"

त्याने टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाला, "हव. इथं नवीन आलो होतो तेव्हा. एका डॉक्टरले दाखवलं, कॅप्सूल घेतल्या, बरं झालं."

"त्या डॉक्टरांनी बायकोलाही औषध द्या म्हणून सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"ही तवा इथं नव्हतीच, अमरावतीले होती. चार-पाच महिन्यानं आली, पण हिले काही त्रास नव्हता."

हे वाक्य त्याने माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता म्हटलं. त्या मधल्या महिन्यांत अमरावतीला तो दोन-तीनदा येऊन गेला होता. होळीला तर आठ दिवस होता. ते मला तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं.

बाईंनी मग मला समजावलं. लोक ज्याला परमा म्हणतात तो गनोरिया आणि त्याच्यासारखे दुसरे आजार पुरुषाला लवकर कळतात. बाईला पुष्कळदा काहीच कळत नाही, आणि जंतू आतल्या आत वर चढतात. वेळेवर दोघांनी औषध घेतलं असतं तर थोड्या दिवसांत काम झालं असतं. आता दोघांनी एकाच वेळी घ्यायचं, पूर्ण बरं होईपर्यंत जवळ यायचं नाही, आणि गरमी म्हणजे सिफिलिस, एचआयव्ही यांसाठी रक्तही तपासायचं. रक्तात काही निघालं नाही. औषधांनी माझं दुखणं थांबलं. नळ्या मात्र दोन्ही बंद झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, "औषध जंतू मारतं. झालेला व्रण पुसत नाही."

घरी येताना स्कूटरवर मी त्याला धरलं नाही. तो एवढंच म्हणाला, "झालं ते झालं. आता कोणाले सांगू नको."

मी सासूंना सांगितलं, त्यांच्यासमोर पाटावर बसून, सगळं. मला वाटलं होतं, निदान एकदा त्या माझी बाजू घेतील. त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "माणूस एकटा होता परगावी. तू आधीच आली असतीस तर?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. नवऱ्याला सोडून मी गेले नाही. जायला माहेरी जागा नव्हती, आणि तिथे कारण काय सांगितलं असतं?

पण गप्प बसण्याचं त्याचं सांगणं मी पाळलं नाही. शेजारची छत्तीसगढी पोट्टी, नवीनच लग्न झालेली, एक दिवस पोट धरून माझ्याकडे आली. नवरा ट्रकवर होता तिचा. मी तिला काढा दिला नाही. तो परत येईपर्यंत थांबले आणि दोघांनाही त्याच बाईंकडे घेऊन गेले. तो रस्ताभर माझ्यावर चिडला होता. "दीदी, मुझे क्या हुआ है?" म्हणत होता. औषध मात्र दोघांनीही पूर्ण घेतलं.

दीड वर्षाने तिला मुलगी झाली. ती पेढे घेऊन आली तेव्हा माझा नवरा बाहेरच्या खोलीत बसला होता. त्याने हात पुढे केला. मी डबा घेऊन आत गेले, आणि ओट्यापाशी उभी राहून एकटीनेच पेढा खाल्ला.