पैनगंगेपलीकडचे आठ जण

१९४८ च्या सप्टेंबरात आमची कंपनी वाशीमच्या पुढे, पैनगंगेच्या उत्तर काठावर तळ देऊन होती. अलीकडे आपला मुलूख, पलीकडे निजामाचा. माझं गाव कुरुंदा, म्हणजे पलीकडचं. काही वर्षांपूर्वी घरात न सांगता हीच नदी ओलांडून मी भरतीला आलो होतो. त्यानंतर घर पाहिलं नव्हतं. तळावर सकाळी पीटी, मग होड्यांची आणि दोरांची तपासणी, दुपारी गस्त, संध्याकाळी रोलकॉल. मी नायक होतो आणि कंपनीत माझी ओळख एकच, पोहणारा.

पोहायला मी गावच्या विहिरीत शिकलो. आमच्याकडे सगळेच तसे शिकायचे. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, चुलत्याने वरून ढकलून द्यायचं. पाणी पिऊन झालं की हातपाय आपोआप चालू लागतात. विहीर गोल, म्हणून आम्ही गोलच पोहायचो, कडेकडेने, डाव्या अंगाने. यात काही चुकतंय हे फौजेतल्या पहिल्या स्पर्धेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. तिथे शिट्टी झाली, मी जीव तोडून निघालो, आणि डोकं वर काढलं तर हात तलावाच्या बाजूच्या भिंतीला लागलेला. वाटेत दोघांच्या अंगावरून गेलो होतो. अर्थातच बाद.

काठावर गंगाराम साळवी पोट धरून हसत होता. हा कोकणातल्या खाडीकाठचा, कंपनीतला एक नंबरचा पोहणारा.

"मेल्या, विहीर सोबत घेऊन आलास काय रे?"

"काहून हासून राहिला?" मी चिडलो. "येतं तर शिकव की मंग."

त्याने खरंच शिकवलं. समुद्रात पोहणारा माणूस अधूनमधून डोकं वर काढून किनाऱ्यावरची खूण पाहतो. साळवीने तलावाच्या टोकाला आपला लाल टॉवेल लटकवला आणि हिवाळाभर मला त्याच्याकडे पोहायला लावलं. पुढच्या स्पर्धेत साळवी पहिला, मी दुसरा. नंतर ब्रिगेडमध्ये तेच, डिव्हिजनमध्येही तेच. महायुद्ध संपलं, आम्ही दोघे नायक झालो, तरी क्रम बदलला नाही. मला त्याचा भयंकर राग यायचा. आणि त्याच्याइतका जवळचा मित्र मला दुसरा नव्हता.

आता त्या सकाळचं सांगतो. आदल्या दिवशी आमचे आठ जण होडीने पलीकडे गस्तीला गेले होते. वरच्या अंगाला पाऊस झाला आणि उजाडेपर्यंत नदी दुप्पट झाली. त्यांची होडी वाहून गेली. मागे पाणी, समोरच्या टेकडीवरून गोळीबार. वायरलेसवर त्यांच्या हवालदाराचा आवाज आला.

"पानी चढ रहा है. गोलियाँ कम हैं. एक जखमी. ओव्हर."

मेजरसाहेबांनी सेट खाली ठेवला. आमच्याकडे मोठी होडी होती, पण त्या धारेत नुसत्या वल्ह्यांवर ती टिकली नसती. पलीकडे दोर बांधला तरच दोराला धरून ती नेता येणार होती.

"रस्सी कौन ले जाएगा?"

साळवी आणि मी एकदमच पुढे झालो. साळवीने माझ्याकडे पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं.

"ही नदी तुझी. तू जा. दोर मी सोडतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला पुढे जाऊ दिलं होतं.

धार खाली नेणार, म्हणून मी बरंच वर चालत जाऊन पाण्यात उतरलो. कमरेला दोर, नजर पलीकडच्या मोठ्या बाभळीवर. अर्धी नदी ठीक गेली. पुढे खडकाआड भोवरा होता, तो काठावरून दिसला नव्हता. त्याने मला ओढलं. मागून साळवी ओरडत होता, "सरळ! झाड बघ, झाड!" पण तिथे सरळ जायला गेलो असतो तर दमून बुडालो असतो. मी भोवऱ्याच्या बरोबर गोल गेलो, डाव्या अंगाने, विहिरीत जायचो तसाच. पलीकडच्या कडेला आलो आणि जोरात लाथ मारून बाहेर पडलो. थोड्या वेळाने चिखल हाताला लागला. हवालदाराने मला बखोटीला धरून वर ओढलं. आम्ही दोर बाभळीला आवळला.

पहिल्या खेपेला होडीत दहा जण निघाले, साळवी पुढच्या टोकाला. होडी मधोमध आली आणि वरून एक उपटलेलं झाड वाहत येऊन दोरात अडकलं. दोर कमानीसारखा ताणला गेला. तो तुटला असता तर होडीही गेली असती आणि आम्हीही. साळवीने कुऱ्हाड घेतली, कुणाला काही विचारलं नाही, पाण्यात उडी टाकली. एका हाताने दोर धरून तो फांद्या तोडत राहिला. झाड सुटलं. सुटताना ते फिरलं आणि साळवीला खाली घेऊन गेलं. मी उडी मारली, पार वळणापर्यंत गेलो. तो दिसला नाही.

होडी काठाला लागली. त्याच दोरावरून सगळी प्लाटून आली आणि दुपारपर्यंत टेकडी आमच्या हातात होती. आठही जण वाचले, जखमीसुद्धा. साळवी तिसऱ्या दिवशी खालच्या तांड्याजवळ सापडला. तांड्यातल्या लोकांनी त्याला नव्या कापडात झाकून ठेवलं होतं. मी खूप रडलो. सगळ्यांसमोर रडलो.

पुढे हिंगोलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं होती. कुणी भाकरी देत होतं, कुणी हार. आपला मुलूख मोकळा झाला, आणि तो करणाऱ्यांत आपण आहोत, या आनंदाला तोड नाही. दोन दिवसांची रजा मिळाली तसा कुरुंदा गाठला. आईने मला दारात उभं केलं.

"नदी पवून आला म्हनतेत लोकं. जाताना सांगून जायला काय तकलीफ झालती रे?" असं म्हणून तिने मला जवळ घेतलं.

त्या हिवाळ्यात मोठी स्पर्धा झाली. मी पहिला आलो. पुढेही निवृत्तीपर्यंत बरीच पदकं मिळाली. लोक विचारतात, पहिला नंबर कसा गाठलात? मी खरं सांगतो. साळवीला मी एकदाही हरवलेलं नाही. तो नव्हता, म्हणून पहिला नंबर माझा.

त्या हिवाळ्यातल्या स्पर्धेच्या दिवशी ते आठही जण तलावाच्या काठावर रांगेत उभे होते. मी भिंतीला हात लावला, पाण्यातून डोकं वर काढलं, तेव्हा ते घसा फोडून ओरडत होते. माझं नाव नव्हे. "साळवी! साळवी!" मीही पाण्यातूनच त्यांच्याबरोबर ओरडायला लागलो.