होळीची अट

जावयाने मला फसवलं. बोईसरच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सांगितलंय. मापात, भावात, मालात मला आजवर कोणी फसवलेलं नाही. शिरगावहून डोक्यावर पाटी घेऊन पालघरला सुकी मासळी विकायला जायचे, तिथपासून बोईसरला स्वतःचा गाळा घेईपर्यंत ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केला, ते आजही माझ्यासमोरून मान खाली घालून जातात. मी तोंडाची तिखट आहे. नवरा लवकर गेला, पोर लहान होती. गोड बोलून माझं घर चाललं नसतं.

आणि अशा मला हिमाचलातल्या एका पोराने, हात जोडून, माझ्याच ओटीवर बसून फसवलं.

तो बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होता. माझी लेक तिथेच ऑफिसात. व्हायचं ते झालं. मी आठवडाभर घरात भांडी आपटली, मग म्हटलं, बोलाव त्याला. तो त्याच्या काकाला घेऊन आला. काका डोक्यावर रंगीत पट्टीची टोपी घालून, उन्हाने लाल झालेला, आणि घरातल्या बोंबलाच्या वासाने नाक सांभाळत बसलेला. मी मुद्दाम पंखा बंद ठेवला होता. समोरच्याला घाम फुटला की सौदा लवकर होतो.

मी त्यांच्याकडे काही मागितलं नाही. दागिने नकोत, मानपान नको. अट एकच. लेक वर्षातून एकदा माझ्या घरी आली पाहिजे, आणि कुठल्याही सबबीने चुकता कामा नये.

काका लगेच म्हणाला, "बहनजी, दिवाली पर ज़रूर भेजेंगे."

आता, बाजारात इतकी वर्षं बसल्यावर एक गोष्ट कळते. समोरचा आपणहून जे पुढे करतो, ते त्याला स्वस्त पडत असतं. मी दिवाळी परत केली. मग त्याने मे महिना काढला. गर्मी की छुट्टी, महिनाभर रख लीजिए. महिनाभर! एवढी सढळ ऑफर आली की माल सडका समजायचा. मी तोही परत केला.

"होळी," मी म्हटलं. "हमारा सण होळी है. होळी को लड़की इधर."

आमच्या गावात दिवाळीला कोणी विचारत नाही. होळीला बोटी सजतात, माहेरवाशिणी रंगवलेलं मडकं डोक्यावर घेऊन होळीपर्यंत वाजतगाजत जातात. माझी लेक लहानपणापासून दुसऱ्या दिवशी सकाळी होळीच्या निखाऱ्यांवर सुका बोंबील भाजायची. बोटं भाजेपर्यंत फिरवायची आणि तांदळाच्या भाकरीबरोबर तिथेच उभ्याउभ्या खायची. तोंडाला काजळी लागायची. ते मला दरवर्षी हवं होतं, दुसरं काही नाही.

काका पुतण्याकडे बघायला लागला. पुतण्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागला. तिथे लेक चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी मनात म्हटलं, बरोब्बर, इथेच यांना चिमटा बसला. मग पोर माझ्याकडे वळून म्हणाला, "जी माँजी. होली पर." मी पंखा चालू केला.

पहिली होळी झाली, कारण तेव्हा ते बोईसरलाच भाड्याच्या खोलीत राहत होते. लेक रिक्षाने आली, मडकं घेतलं, निखाऱ्यावर बोंबील भाजला. जावयालाही एक खायला लावला. त्याने डोळे मिटून गिळला. मला त्या दिवशी तो बराही वाटला होता. मग त्याचा बाप आजारी पडला, सफरचंदाची बाग बघायला कोणी नाही म्हणून दोघं तिकडे गेले ते गेलेच.

पुढच्या होळीला फोन आला, रस्ता बंद आहे, बर्फ पडला. मी हसले. गाडी बंद पडली, माल उद्या येतो, हे मी रोज ऐकते. आमच्याकडे फाल्गुनात आभाळ घासलेल्या परातीसारखं असतं. वारा कोरडा, समुद्र शांत, रस्ते मोकळे. म्हणून तर बोंबील वाळवायचा तो याच दिवसांत. अशा महिन्यात बर्फ? त्यानंतरच्या वर्षी पुन्हा तेच. दिवाळीला येऊ का म्हणून लेकीने विचारलं, तर मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे येणार असशील तर ये. आली नाही. तेव्हापासून मी बाजारात सांगायला सुरुवात केली.

या वर्षी लेकीने शपथ घेतली. येतेच, दिल्लीहून विमान धरून. मी गेल्या वेळचं मडकं काढून नवा रंग दिला. लांब, जाड, न तुटलेले बोंबील निवडून डब्यात भरले. गिऱ्हाईकाने तो डबा मागितला तर मी त्याच्यावर खेकसले.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही बायका किनाऱ्यावर होतो. बांबूंवर बोंबील टांगलेले, जबड्यात जबडा अडकवून, अर्धेच सुकलेले. उत्तरेकडून काळं आलं. आधी वाळू उडाली, मग टपोरे थेंब. शेजारीण ताडपत्री ओढत ओरडत होती, "अगो, शिमग्याला कंचा पाऊस ह्यो? आणि तुजी बरफाची राणी कवा येतंय?"

"येल! तू तुजे बोंबील बघ!" मी म्हटलं, आणि तेवढ्यात कमरेच्या पिशवीत फोन वाजला.

व्हिडिओ कॉल होता. पडदा पांढरा. मला वाटलं फोन भिजून बिघडला. मग त्या पांढऱ्यातून लेक दिसली, डोक्यावर शाल, हातात प्रवासाची बॅग, केसांवर कापूस पिंजल्यासारखं काहीतरी.

"आये, बस परत फिरवली. खिंडीत बरफ पडलाय."

"शिमग्याला कुठं बरफ पडतो?"

"हितं पडतो, आये. दर साली पडतो."

दर साली. माझ्या अंगावर पाणी कोसळत होतं, पण कानांतून वाफ निघाली. म्हणजे हे त्याला आधीपासून माहीत होतं. माझ्या ओटीवर बसून त्याने मला असा महिना विकला, जो त्याच्याकडे नव्हताच.

"त्याला दे फोन!"

जावई आला. भुवयांवर बर्फ. "नमस्ते माँजी."

"नमस्ते गेलं खड्ड्यात! तुमको मालूम था ना बरफ का? फिर हां काय को बोला?"

"माँजी, काकाजी ने दिवाली बोला था... मई महीना भी..."

"मैं पूछती, हां काय को बोला?"

तो बाजूला बघत राहिला, त्या दिवशी दाराकडे बघत होता तसाच. मग लेकीने फोन ओढून घेतला.

"त्याला नको ओरडू. तो सांगणार होता. मीच मान हलवून गप केला."

"कवा?"

"चहा घेऊन आले तवा. तू होळीवर अडून बसलेलीस. तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, जिथून होळीला येता येत नाय तिथं पोर देणार नाय. म्हणाली असतीस का नाय? सांग."

मी तोंड उघडलं. पडद्यावर तिचा चेहरा थांबला, डोळे अर्धे मिटलेले, आणि लाईन गेली. पुन्हा लागलीच नाही.

"अगो, उभी काय? माल भिजला गो सगला!" शेजारीण ओरडली. मी पळाले. पळून उपयोग नव्हता. अर्धा सुकलेला बोंबील भिजला की तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो.

संध्याकाळी टीव्हीवर सांगत होते, एकच वादळ आहे, वरच्या डोंगरात त्याने बर्फ टाकला आणि खाली आपल्याकडे पाऊस. टीव्हीवाल्यांचं मी सहसा खरं धरत नाही. पण पागोळीखाली हात धरला तर पाणी भलतंच गार लागलं. तिच्या केसांवर जे पडत होतं ते हेच, असं वाटून मी हात पुसला नाही.

होळी दुसऱ्या दिवशी ओल्या लाकडांनी धुमसत पेटली. मडकं मी घरातच ठेवलं. सकाळी मात्र डब्यातला एक बोंबील घेऊन निखाऱ्यावर धरला. लेकीने एकदा सांगितलं होतं, तिकडे ती मी पाठवलेला बोंबील घराबाहेर बर्फात शेकोटी करून भाजते, कारण सासूला वास सोसत नाही. गावातली कुत्री गोळा होतात. तेव्हा मी हसले होते. आता अर्धा बोंबील मी आमच्या कुत्र्यांपुढे टाकला.

तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, फोन आले तरी. मी नाही म्हटलं असतं की हो, ते माझं मी जाणते, आणि ते फोनवर सांगायचं नाही. आधी तिने मला उत्तर द्यायचं. दिवाळीत ये, मे महिन्यात ये, सफरचंदं उतरवून झाल्यावर ये. रस्ता कधी उघडतो ते तुला माहीत, महिना तू ठरव, मी भाव करणार नाही. जावयालाही आण, तोही यात आहे. पण ये, माझ्यासमोर ओटीवर बस आणि सांग. आयुष्यभर माझा प्रत्येक सौदा मी स्वतः केला. मग माझा हा एकच सौदा, मला न विचारता, माझ्या पाठीमागे दारात उभं राहून तू का केलास?