आमच्या घरचा शालू

आमच्या अजनीच्या रेल्वे कॉलनीत गणपतीत नाटक व्हायचं आणि त्यातली बाई मी व्हायचो. सलग नऊ वर्षं. त्यातही ढोंगी बुवावरचं एक जुनं विनोदी नाटक लोक पुन्हा पुन्हा मागायचे, ते घरधनिणीच्या एका प्रवेशासाठी. नवरा बुवाच्या भजनी लागलेला. त्याचे डोळे उघडावेत म्हणून ती त्याला खाटेखाली लपवते. बुवा लगट करू लागला, की तिनं बांगड्या वाजवायच्या अन् नवऱ्यानं बाहेर यायचं. तो काही येत नाही. मी दोनदा वाजवून थांबायचो, खाटेकडे बघायचो, अन् तिसऱ्यांदा असं मनगट झटकायचो, की पब्लिक पोट धरून हसायचं.

दहाव्या वर्षी पुन्हा तेच नाटक ठरलं. तालमीच्या पहिल्याच दिवशी दिग्दर्शक, म्हणजे आमच्या ऑफिसातला हेडक्लार्क, म्हणाला, "यंदा खरी बाई भेटली गा. नवी टायपिस्ट. तू तिले शिकव अन् प्रॉम्प्टिंग कर."

"बरं," म्हणालो. एरवी चहात साखर कमी पडली तरी मी भांडतो. पण आत काही हललंच नाही. महिनाभर तिला चालणं, बसणं, पदर सावरणं शिकवलं. बाईला बाईसारखं चालायला मी शिकवून राहिलो होतो, घ्या!

नाटकात नेसायचा शालू मात्र दर वर्षी आमच्या घरचा. बायकोचा, लग्नातला, हिरवा. पावडरचे डाग पाहून ती तणतणायची, "एक दिवस जाळूनच टाकीन ह्याले." म्हणून वाटलं, टायपिस्टसाठी सहज देईल. मागितला, तर तिनं ट्रंकेवर बसकणच मारली.

"तिले काहून देऊ? तुमी नेसत होते म्हणून देत होती."

टायपिस्ट दुसरीच साडी नेसली. खेळाच्या संध्याकाळी मी वही घेऊन विंगेत उभा. तिनं दोनदा बांगड्या वाजवल्या, थांबली, खाटेकडे पाहिलं, मनगट झटकलं. मांडव हसून कोसळायचा बाकी होता. माझ्यापेक्षा सरस केलं पोरीनं, खोटं कशाला बोलू? नंतर पाया पडली. "दादा, जमलं ना?" "जमलं," म्हटलं. घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. नुसतं लाकूड झालो होतो.

दसऱ्याला सोनं द्यायला निघालो, तर बायको तोच शालू नेसून बाहेर आली. लग्नानंतर पहिल्यांदा.

"पाहा तरी," म्हणाली.

पाहिलं. दर वर्षी मी पदराला पिना टोचायचो, तिथे भोकंच भोकं पडली होती. माझे खांदे रुंद. तिनं नेसल्यावर ती सगळी भोकं खांद्यावरून खाली, दंडावर उतरली होती. तिनं त्यांच्यावरून हात फिरवला.

"रफू नाही करत मी. राहू द्या."

मी चपला घालता घालता तिथेच पायरीवर बसलो आणि रडू लागलो. ती शेजारी येऊन बसली. शालू चुरगळेल, असं काही म्हणाली नाही.